गाडी पलीकडच्या गावात

सोलापूरच्या किल्ल्याला चढ नाही. भुईकोट तो. सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं जायचं, आत शिरायचं, झालं. त्यामुळे सोलापूरकराच्या प्रत्येक डोंगरवारीत डोंगराच्या आधी अडीचशे-तीनशे किलोमीटरचा सपाट रस्ता येतो आणि संध्याकाळी तोच रस्ता उलट. पुण्याची मंडळी सकाळी सहाला घर सोडून नऊला गडावर असतात. त्यांचं वेळापत्रक आपल्याला जसंच्या तसं चालत नाही. ट्रेकच्या माहितीत ‘गाडी उतरायच्या गावी पाठवून द्यावी’ एवढं एका ओळीत लिहिलेलं असतं. सोलापूरहून निघणाऱ्याची सगळी मेख त्या ओळीत आहे.

जिथून चढलो तिथंच उतरायचं असेल तर काही प्रश्न नाही. गाडी जागेवर, ड्रायव्हर झाडाखाली. पण एका दिवसात होणाऱ्या सह्याद्रीतल्या उत्तम वाटा बऱ्याचदा आरपार जाणाऱ्या असतात. राजगडावरून धारेनं तोरणा, ताम्हिणी घाटाजवळच्या पिंपरीहून अंधारबनातून भिरा, खिरेश्वरला चढून हरिश्चंद्रगडावरून पाचनई. माणसं डोंगर ओलांडून सात ते दहा तासांत पलीकडे जातात आणि गाडीला डोंगराला वळसा घालून तिथं पोचायचं असतं. पाचनईचा वळसा तर ओतूर-कोतूळकडून इतका लांबचा की ड्रायव्हरला आधी नकाशा दाखवूनच होकार घ्यावा.

सगळ्यात सोपी वाटणारी सोय म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी. बारा-तेरा जण असले तर टेम्पो ट्रॅव्हलर, सहा जण असले तर एर्टिगा. ठरलेला बेत असा असतो: शनिवारी रात्री बारा वाजून गेले की सोलापूरच्या सात रस्ता चौकातून निघायचं, सकाळी सव्वासहाला गुंजवणे, आपण राजगड चढायला लागलो की गाडी वेल्ह्याला जाणार, संध्याकाळी तोरणा उतरून आपण वेल्ह्यात, आणि मध्यरात्रीपर्यंत घरी. बाराच्या आत नाही आणि बारानंतरच का, तर बहुतेक गाडीवाले दिवस तारखेनं मोजतात, रात्री बारा ते रात्री बारा, आणि प्रत्येक तारखेला किमान ३०० किलोमीटर धरतात. शनिवारी रात्री अकराला निघून सोमवारी पहाटे एकला परत आलात तर तीन तारखा पडल्या. गाडी धावली सहाशेवीस आणि बिल नऊशेचं. हे एकदा कळलं की माणूस सव्वाबाराला निघायला शिकतो आणि आपण हुशारी केली असं समजतो.

आता हाच दिवस ड्रायव्हरच्या बाजूनं मोजा. सोलापूर ते गुंजवणे पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर, चहापाण्यासकट सहा तास. टेंभुर्णीपर्यंत गाडीत गप्पा असतात. भिगवण ते यवत हा पट्टा अडीच ते चारच्या दरम्यान येतो. मागे सगळे झोपलेले, पुढे सरळ चौपदरी रस्ता, आणि शरीराला झोप अनावर होण्याची नेमकी तीच वेळ. मग मार्गासनीमार्गे वेल्ह्याला गाडी नेण्याचा तास-पाऊण तास. त्यानंतर दिवसा, तापलेल्या गाडीत, माश्या वारत जी काय डुलकी लागेल ती. आणि संध्याकाळी पुन्हा सहा तास. तेरा तास स्टिअरिंगवर झाले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानंसुद्धा रोजचं काम साधारण आठ तासांवर ठेवलं होतं. कायद्याचं राहू द्या, आपण स्वतः दहा तास चालून आल्यावर अशा माणसाच्या हाती जीव देऊन मागे घोरायचं का, एवढंच बघा.

शनिवारी दुपारी दोनला निघालं तर तारखा दोन पडतात. किमान किलोमीटर सहाशे, आणि गाडी धावणारच आहे सहाशेवीस. म्हणजे किलोमीटरचं बिल एका दिवसाच्या दगदगीइतकंच येतं. वाढतो तो ड्रायव्हरचा एक भत्ता, रात्रीचं जेवण आणि पायथ्याच्या गावातला मुक्काम. दहा जणांत वाटला तर हा खर्च फार नाही. ड्रायव्हर रात्रभर झोपतो, रविवारी त्याचं गाडी चालवणं सात तासांच्या आसपास राहतं, आणि आपण सहाच्या ठोक्याला चालायला लागतो. तरीही मंडळी शनिवारची अर्धी सुट्टी नको म्हणून रात्रीच निघतात. तसंच करायचं असेल तर दुसरा ड्रायव्हर घ्या, किंवा आपल्यातला गाडी चालवता येणारा एक गडी न चालणारा ठेवा. गाडीवाल्याला हे आधी विचारून घ्यावं लागतं, अनोळखी हातात गाडी द्यायला तो सहसा तयार नसतो.

गाडी ठरवताना आणखी दोन गोष्टी. पाटी पिवळी हवी. मित्राच्या ओळखीची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण भाड्यानं वापरताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. आणि सीएनजीवरची गाडी शक्यतो टाळा. डिकीतली अर्धी जागा टाकी खाते, आणि भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर रडते. डिझेल-पेट्रोल नसरापूरलाच भरून घ्यायचं.

उरुळी कांचनहून शिंदवणे घाट चढून सासवड, तिथून नारायणपूर-कापूरहोळ आणि चेलाडी फाटा हा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो आणि आहेही. दिवसा जरूर घ्या. पहाटे चारला, धुक्यात, नवख्या ड्रायव्हरसाठी मात्र हडपसर-कात्रजवरून महामार्गानं गेलेलं बरं, वीसेक किलोमीटर जास्त पडले तरी.

राजगड-तोरणा हीच वाट जरा जवळून बघू, कारण गाडीचा आणि चालण्याचा मेळ कसा घालायचा ते तिच्यात चांगलं दिसतं. गुंजवण्याहून चोर दरवाज्यानं पद्मावती माचीवर दोन-अडीच तास. तिथून संजीवनी माचीवरच्या आळू दरवाज्यापर्यंत तासभर. आळू दरवाज्यातून खाली उतरून धारेनं खिंडीत यायला दीड तास. या खिंडीत भुतोंड्याकडे जाणारा गाडीरस्ता धार ओलांडतो. पुढे पुन्हा चढत तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत तीन तास, आणि तोरण्यावरून वेल्ह्यात उतरायला अडीच. दहा-साडेदहा तास झाले, त्यात बसून खाल्लेली भाकरी धरलेली नाही. चालण्याचा वेळ काढायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथचा १८९२ सालचा ठोकताळा अजून सांगितला जातो: सपाटीला तासाला पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास जास्त. तो एकट्यादुकट्या सराईत गड्यासाठी. सोलापूरच्या दहा जणांच्या गटाचा सह्याद्रीतला वेग ताशी दोन किलोमीटर धरा.

उलट दिशेनं, म्हणजे तोरण्याकडून राजगडाकडे, का नाही? चालण्याच्या दृष्टीनं फार फरक नाही, गाडीच्या दृष्टीनं आहे. शेवट नेहमी मोठ्या गावात करावा. वेल्हे हे तालुक्याचं ठिकाण. हॉटेल आहे, पोलीस ठाणं आहे, दवाखाना आहे, फोन लागतो, आणि ड्रायव्हरला दिवसा झोपायला खोली मिळते. उशीर झाला तर मोठ्या गावात वाट बघणं सुसह्य होतं. शिवाय गुंजवण्याची चोर दरवाज्याची वाट थकलेल्या गुडघ्यांनी अंधारात उतरण्यापेक्षा सकाळी ताज्या पायांनी चढलेली बरी.

मधली खिंड ही या वाटेची सुटकेची जागा. दुपारी बाराच्या आत सगळे खिंडीत पोचले तर पुढे तोरणा. नाही पोचले तर तिथंच गाडी बोलवायची आणि राजगडावर समाधान मानायचं. हे घरून निघण्याआधी ठरलेलं असावं लागतं, कारण खिंडीत बसल्यावर बुधला समोर दिसत असतो आणि गटातले दोन दांडगे ‘एवढं तर आलोय’ म्हणत असतात. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. खिंडीतून एकला निघालेला गट तोरण्याची उतरण विजेरीच्या उजेडातच करणार.

गाडी सकाळीच हलवायची, संध्याकाळी नाही. ड्रायव्हरला ‘इथंच झोपा, चारला निघून पलीकडे या’ असं सांगण्याचा मोह होतो, कारण तो रात्रभराचा जागा असतो. पण चारला टायर बसलेला असू शकतो, गाडीसमोर कुणी गाडी लावून गड चढायला गेलेला असू शकतो, किंवा ड्रायव्हरला जागच येत नाही. आधी गाडी मुक्कामी लावायची, मग झोपायचं. झोपायला गाडीतली चादर द्या, सोलापूरची असतेच. एसी लावून काचा बंद करून झोपू नका, हेही बजावून सांगायचं. उभ्या गाडीचं इंजिन चालू राहिलं की धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत साचू शकतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला कळत नाही.

ड्रायव्हरच्या हातात एक कागद द्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं लोकेशन पुरत नाही. डोंगराच्या कुशीत नेट नसतं, आणि नावं फसवी असतात. पाली म्हटलं तर राजगडाच्या पायथ्याची पाली आहे, रायगड जिल्ह्यातली बल्लाळेश्वराची पाली आहे, साताऱ्याकडे खंडोबाची पालही आहे. ‘गुंजवणी’ शोधलं तर नकाशा धरणाकडे नेतो, गावाचं नाव गुंजवणे. म्हणून कागदावर गाव, तालुका, जिल्हा, कुठल्या रस्त्यानं जायचं त्यातली तीन गावं, आणि गाडी नेमकी कुठं लावायची ती खूण लिहावी. खूण नीट नसली की संध्याकाळी फोनवर हे असं चालतं:

‘अण्णा, गाडी कुठं लावलीय?’

‘देवळाम्होरंच की.’

‘कुठल्या देवळाम्होरं?’

‘आता देऊळ ते देऊळ. लिंबाचं झाड हाय बगा.’

कुठल्याही गावात दोन-तीन देवळं असतात आणि प्रत्येकासमोर झाड असतं. एसटी स्टँड, शाळा, पाण्याची टाकी या खुणा बऱ्या, त्या सहसा एकेकच असतात.

कागदावर दोन वेळा हव्यात. एक यायची वेळ, एक काळजीची वेळ. आपण साडेपाचला येऊ, आणि साडेआठपर्यंत आलो नाही, फोनही नाही, तर सोलापुरातल्या अमुक माणसाला फोन करायचा, गावात सांगायचं आणि ११२ लावायचा. दोन्हींच्या मध्ये ड्रायव्हरनं काहीही करायचं नाही. गाडी जागची हलवायची नाही, हे तर खास. काळजीपोटी तो शोधायला निघतो, खिंडीपर्यंत जातो, आणि तेवढ्यात आपण वेल्ह्यात उतरून मोकळ्या जागेकडे बघत उभे. वाट बदलली तर कळवायचं काम चालणाऱ्यांचं. फोन लागत नसेल तरी साधा एसएमएस अनेकदा जातो, आणि गटात दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं असली तर एखाद्याला तरी धारेवर रेंज मिळते.

स्वतःच्या दोन गाड्या असतील तर हिशोब बदलतो. दोन्ही गाड्या घेऊन आधी उतरायच्या गावी जायचं, एक तिथं लावायची, सगळ्यांनी दुसरीत कोंबून चढायच्या गावी यायचं. संध्याकाळी दोघांनी चढायच्या गावी राहिलेली ती दुसरी गाडी आणायला जायचं. यात सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास जातो, आणि थकलेला माणूसच गाडी चालवतो. मला ही पद्धत सोलापूरसाठी पटत नाही. त्यापेक्षा एकच गाडी उतरायच्या गावी लावावी आणि तिथून चढायच्या गावापर्यंत स्थानिक जीप सांगावी. वडापवाल्याला आदल्या दिवशी फोन करून पहाटेची वेळ आणि भाडं पक्कं करायचं. पहाटे तो येतो, संध्याकाळी सहानंतर सापडत नाही. आपली गाडी शेवटाला उभी असली की पाचला उतरा नाहीतर आठला, कुणाच्या उपकारात राहावं लागत नाही.

दोन गाड्यांच्या पद्धतीतली ठरलेली फजिती म्हणजे किल्ली. उतरायच्या गावी लावलेल्या गाडीची किल्ली जॅकेटमध्ये, आणि जॅकेट चढायच्या गावी लावलेल्या गाडीत. म्हणून चालायला लागण्याआधी किल्ली वर करून सगळ्यांना दाखवायची. पोरखेळ वाटतो, पण करायचा. मग ती सॅकच्या आतल्या चेनच्या कप्प्यात, तिथल्या हुकाला अडकवून. बटणाची किल्ली पावसाळ्यात दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. दुसरी किल्ली गटाच्या शेवटी चालणाऱ्याकडे. एकच असेल तर सगळ्यात वेगवान गड्याकडे ती देऊ नका, तो घसरून पाय मुरगळून मागे राहिला तर त्याच्याबरोबर किल्लीही राहते. टायरवर किल्ली ठेवायची जुनी सवय तर सोडाच.

पावसाळ्यात अंधारबनाचं सगळ्यांनाच वेड लागतं. पिंपरीपासून भिऱ्यापर्यंत तेरा किलोमीटर, बहुतेक उतार, दाट झाडी. चालायला अवघड नाही. गाडीचं मात्र अवघड आहे. पिंपरीहून ती मागे ताम्हिणी घाटात येते, घाट उतरून विळे-पाटणूसमार्गे भिऱ्याला जाते, आणि संध्याकाळी भरलेली पुन्हा तोच घाट चढते. दरड पडून ताम्हिणी बंद झाला तर माणसं भिऱ्यात आणि गाडी वर. पायवाट सुरू असून ट्रेक फसतो तो असा. निघायच्या आदल्या संध्याकाळी दोन चौकश्या करायच्या: वनखात्यानं वाट बंद ठेवलीय का, आणि घाट चालू आहे का. पायथ्याच्या गावातल्या जेवण करून देणाऱ्या घरी फोन केला की दोन्ही कळतं. एका मुसळधार आठवड्यात तिथं जेवढा पाऊस पडतो तेवढा आपल्याकडे वर्षभरात पडत नाही, त्यामुळे ‘पाऊस आहे थोडा’ हे तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकलं की आपण ‘थोडा’ शब्द गाळून ऐकायचा.

सोलापूरचा ड्रायव्हर काळ्या मातीचा चिखल जाणतो. घाट तितका जाणत नाही, त्यात त्याचा दोष नाही, रोजचा रस्ताच सपाट. उतारावर तो ब्रेकवर पाय ठेवून येतो. भरलेल्या ट्रॅव्हलरचे ब्रेक तापले की करपल्यासारखा वास येतो, पॅडल मऊ पडतं, आणि मग दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. वास आला तर मोकळी जागा बघून वीस मिनिटं थांबायचं. तापलेल्या चाकावर पाणी ओतायचं नाही, ड्रम किंवा डिस्क तडकू शकते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हे सगळं पुढच्या सीटवरून मास्तरकी करत सांगू नये, निघण्याआधी चहा पिताना सांगावं.

गाडी शेवटाला उभी असली की सॅक हलकी होते. बदलायचे कपडे, चपला, वीस लिटरचा पाण्याचा जार, रात्रीचं जेवण, सगळं गाडीत. पाठीवर पंचवीस लिटरची पिशवी, पाण्यासकट पाच-साडेपाच किलोच्या आत. पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो तिथंच गेले. जानेवारीनंतर धारेवर पाणी मिळेल असं धरू नये. खायला आपल्याकडची कडक भाकरी. पाणी जवळजवळ नसल्यामुळे ती हलकी असते, खराब होत नाही, आणि शेंगाचटणीतलं मीठ घामाच्या दिवसात कामाला येतं. ती मोडते, मोडू द्या, चुरा चटणीत कालवून खाता येतो. फक्त ती पाणी मागते, म्हणून तीन लिटरात काटछाट नको. सोबत गूळ, ओआरएसच्या दोन पुड्या.

हलकं करण्याच्या नादात जे गाडीत जाऊ नये तेही जातं. सकाळी मागे सोडलेल्या गाडीकडे परत फिरता येतं, पलीकडच्या गावातली गाडी दिवसभर नसल्यात जमा. विजेरी, पावसाचं जॅकेट, रोजची औषधं, शिट्टी, क्रेप बँडेज, पॉवर बँक, थोडे सुटे पैसे आणि एका जेवणाची जादा भाकरी पाठीवरच हवी. ‘सहापर्यंत उतरणारच आहोत’ म्हणून विजेरी गाडीत ठेवणारा एक तरी प्रत्येक गटात असतो. निघताना विजेऱ्या पेटवून बघितल्या की तो सापडतो.

गाडीच नको असेल तर लोणावळा-राजमाची-कर्जत आहे. रात्रीच्या रेल्वेनं पुणे, लोकलनं लोणावळा, पंधरा-सोळा किलोमीटर चालत राजमाची, कोंढाणे लेण्यांवरून खाली कोंदिवडे, टमटमनं कर्जत, आणि घाट चढून येणाऱ्या रेल्वेनं परत पुणे. दोन्ही टोकं रेल्वेनं जोडलेली असल्यामुळे गाडी हलवायचा प्रश्नच नाही. नव्या गटानं पहिली आरपार वाट हीच करावी.

संध्याकाळी गाडीपाशी पोचल्यावर लगेच दार उघडून आत पडू नये. डोकी मोजा. बूट बाहेरच काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत. लाल चिखल सीटला लागला की धुलाईचे पैसे बिलात येतात आणि पुढच्या वेळी तो गाडीवाला ‘ट्रेकला नाही देत’ म्हणतो. ड्रायव्हर किती झोपला ते विचारा. दोन तास म्हणाला तर तिथंच त्याला आणखी तासभर झोपू द्या, तोवर आपण जेवून घ्यायचं. झोप झालेली असेल तर जेवण भिगवणला, मासे खाणाऱ्यांची सोय होते. मात्र ड्रायव्हरनं पोटभर भात खाल्ला की इंदापूरपासून डोळे मिटायला लागतात, त्याला हे प्रेमानं सांगायला हरकत नाही. आणि पुढच्या सीटवर सगळ्यात कमी दमलेला माणूस बसवायचा, त्याला मोहोळपर्यंत झोपायची परवानगी नाही.